परदेशगमनाचा पूर्वपक्ष

४ फेब्रुवारी

गृहस्थाश्रमात माणसाला अनेक अपमान गिळावे लागतात, हे मान्य. पण सुटकेसने करावा असा अपमान आजवर माझ्या वाट्याला आला नव्हता. लेकीने तिकडून कुणा ओळखीच्या बाईंबरोबर ही वस्तू पाठवली आहे. चार चाकं, चारही दिशांना फिरणारी, आणि रंग पिकलेल्या लिंबाचा. आमच्या बैठकीच्या खोलीची फरशी दाराकडे किंचित उतरती आहे. गवंड्याची ही चूक इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती, ती या बयेच्या पहिल्या भेटीतच आली. भिंतीशी उभी केली की क्षणभर विचार करते आणि मग सावकाश, कुणालाही न विचारता, दाराकडे चालू लागते. मी तिला पुन्हा पुन्हा माघारी आणली. शेवटी ती माझ्या अंगठ्यावरून गेली.

"हिला घाई झालेली दिसते!" मी ओरडलो.

"चप्पल लावा चाकाला," जिन्याखालून बायकोचं उत्तर आलं.

हिचं दुकान घराच्याच तळमजल्यावर आहे. लोकांचे कपडे उसवायचे, आत घ्यायचे, बाहेर सोडायचे आणि अंगाला बसतील असे करून द्यायचे. शहरातल्या निम्म्या लोकांची कंबर कधी आणि किती वाढली हे हिला ठाऊक आहे, आणि ते ती कुणाला सांगत नाही. वर्तमानपत्राचा बातमीदार मी. खऱ्या बातम्या हिच्याकडे.

सुटकेस ही नुसती भेट नव्हे, ती सूचना आहे. आम्ही दोघांनी इथलं आवरून कायमचं तिच्याकडे राहायला यावं असं लेकीचं म्हणणं. "बाबा, कागदपत्रं मी करते, तुम्ही फक्त हो म्हणा." ही यावर काहीच बोलली नाही. बायको काही बोलत नाही म्हणजे तिचं ठरलंय, एवढं तर्कशास्त्र मलाही येतं. हिला जायची हौस आहे.

मी मात्र शास्त्राप्रमाणे जाणार. लहानपणी संस्कृतच्या गुरुजींनी शिकवलं होतं, की आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे आपल्याला न पटणारी बाजू, आणि तीही समोरच्याला स्वतःला मांडता येणार नाही इतकी उत्तम. मग उत्तरपक्ष, म्हणजे तिचं खंडन. मग सिद्धान्त. जाणं हा पूर्वपक्ष धरतो.

७ फेब्रुवारी

पूर्वपक्ष. लेक तिथे आहे. हे एकच कारण पुरे झालं असतं, पण गुरुजी एका हेतूवर समाधान मानणारे नव्हते. तिथे नात आहे. तिने मला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलंय, त्यामुळे आजोबा छातीपाशी संपतात असा तिचा समज आहे. तो दूर करणं हे माझं कर्तव्य. तिथल्या फुटपाथवर माणसं चालतात म्हणे. दवाखान्यात वेळ देतात आणि त्या वेळेला डॉक्टर खरोखर असतो. हे लेकीनेच सांगितलं, ती तिथल्या मोठ्या रुग्णालयात पडलेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवते. आणि इथे काय ठेवलंय? आमचं वर्तमानपत्र दर वर्षी दोन पानांनी रोडावतं. असंच चाललं तर लवकरच आम्ही वाचकांच्या घरी एक कोरा कागद टाकून मागच्या दाराने पळ काढू.

संध्याकाळी तिचा फोन.

"बाबा, आज वार कोणता हो?"

"शुक्रवार. का, तिकडे वेगळा असतो?"

"नाही, सहज. काल रात्री काय जेवलात?"

"आईला विचार. स्वयंपाक तिने केला होता."

"तुम्हाला विचारतेय."

मी जावईबापूंच्या तब्येतीकडे गाडी वळवली. हल्ली तिला ही सवय लागली आहे. वार विचारते, महिना विचारते, मागच्या रविवारी कोण आलं होतं ते विचारते. एकटी पडलीय पोर, दुसरं काय. परदेशात राहून माणसाला वारसुद्धा कळेनासा होतो, हे पूर्वपक्षात घालावं की उत्तरपक्षात, ठरत नाही.

१६ फेब्रुवारी

उत्तरपक्ष. तिथली भाषा मला वाचता येते, अडखळत बोलताही येते. पण तिच्यात मला कुणाची चेष्टा करता येत नाही. ज्या भाषेत चेष्टा करता येत नाही तिच्यात मी नुसता एक सभ्य गृहस्थ उरेन, आणि सभ्य गृहस्थांचा त्या देशात तुटवडा आहे असं ऐकिवात नाही.

हिला म्हणालो, "तिथे मी बोलू कुणाशी?"

"इथे तरी कुणाशी बोलता? तुम्ही बोलता, आम्ही ऐकतो." तोंडात टाचण्या धरूनसुद्धा हिला हे बोलता येतं.

दुपारी कचेरीत जायला निघालो तो थेट जुन्या इमारतीत. कचेरी तिथून हलून बराच काळ झाला, आता तिथे चपला-बुटांचं दुकान आहे. पायांना सवय असते, त्यात विशेष नाही. विशेष इतकंच की मी जिना चढून वर गेलो आणि तिथल्या मुलीला म्हणालो, "माझं टेबल कुठे हलवलंत?"

ती म्हणाली, "कितीचा नंबर?"

छान उत्तर होतं. मी एक काळा जोड घेऊन आलो. हिने खोकं उघडून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा दुसरा जोड ना?" गेल्याच महिन्यात असाच आणल्याचा तिचा दावा आहे. कपाटात खरोखर एक तसाच जोड निघाला. कंपन्या हल्ली सगळे बूट एकाच साच्यातून काढतात.

२४ फेब्रुवारी

पाणीपुरवठा मंडळाची वार्षिक सभा. नवे बातमीदार समोर फोन ठेवून भाषण ध्वनिमुद्रित करतात आणि स्वतः झोपतात. मी टिपणसुद्धा घेत नाही. गुरुजींनी आमच्याकडून पानंच्या पानं सुलट पाठ करून घेतली, मग उलट, मग एक शब्द गाळून एक. त्या जात्यातून निघालेल्या माणसाला मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण म्हणजे दाणासुद्धा नव्हे. सभा संपली की बाहेर येतो, कचेरीत फोन लावतो आणि मजकूर मनातूनच सांगतो, स्वल्पविरामांसकट. पलीकडचा माणूस टाइप करतो. तो तसाच छापायला जातो. "शास्त्रीबुवांच्या मजकुराला हात लावायचा नाही" हा आमच्या कचेरीतला अलिखित नियम आहे, आणि संपादक बदलले तरी तो बदललेला नाही.

आमचा फोटोग्राफर टोपी (डोक्यावरून ती उतरलेली कुणी पाहिली नाही, म्हणून हे नाव) हल्ली प्रत्येक सभेत माझ्या शेजारी येऊन बसतो आणि मधूनमधून कोपर मारून विचारतो, "काय म्हणाले? कधीपासून म्हणाले?" कान गेलेत बिचाऱ्याचे. आज त्याला एका गोदामाच्या आगीवर पाठवलं होतं, त्यामुळे मला निवांत बसता आलं.

भाषण नेहमीचंच. थेंबाथेंबाचं महत्त्व, नागरिकांचं सहकार्य, जुन्या जलवाहिन्या आणि नवा निर्धार. मजकूर सांगताना एकदाही अडखळलो नाही. घरी येऊन हिला तसं सांगितलं. तिने विचारलं, "टोपीभाऊजी होते ना?" मी म्हणालो, नव्हता, सुटलो. ती हातातली शिवण तशीच धरून बसली. मग फोन घेऊन खाली गेली.

२५ फेब्रुवारी

सकाळीच मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. "शास्त्रीबुवा, तुमच्यासारखा मोठ्या मनाचा माणूस नाही! आज बाकीच्यांनी मला सोलून ठेवलंय. आणि तुम्ही? वा! भाषण कसं असावं, तर तुम्ही छापता तसं!"

इतरांनी का सोललं हे मला कळेना. तरी स्तुती म्हणून ठेवून घेतली.

कचेरीत गेलो तर संपादकांनी आत बोलावलं. संपादक माझ्या लेकीच्या वयाचे आहेत, मी त्यांना आयुष्मान म्हणतो, त्यांना ते आवडतं की नाही हे मी विचारलेलं नाही. त्यांनी टेबलावर शहरातली सगळी वर्तमानपत्रं मांडली होती. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर एकच बातमी. पूर्वेकडच्या वस्त्यांचे नळ पुढच्या महिन्यापासून बंद, पाणी टँकरने. अध्यक्षांनी कालच्या सभेत जाहीर केलं, लोक उठून उभे राहिले, खुर्च्या पडल्या.

आमच्या पानावर थेंबाथेंबाचं महत्त्व.

"हे काल झालं?" मी विचारलं.

"तुम्ही तिथे होतात, काका."

कचेरीत आयुष्मान मला कधी काका म्हणत नाही. मग त्याने आमच्या बातमीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'उपाध्यक्षांनी आभार मानले.'

"बरोबर आहे. दर वर्षी तेच मानतात."

"ते पावसाळ्यात वारले. मृत्युलेख तुम्हीच लिहिला होता."

"चांगला झाला होता," मी म्हणालो.

दिवसभर वाचकांचे फोन येत होते. एकाने विचारलं, उपाध्यक्ष आता पुढच्या सभेलाही येणार का. यावर कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या विनोदांना न हसण्याची या कचेरीत परंपरा आहे, पण आज विनोद आयता होता आणि कुणीच घेतला नाही. सगळे आपापल्या पडद्याकडे बघत राहिले. पाणी बंद होणाऱ्या वस्त्यांतले लोक आमचंच वर्तमानपत्र घेतात, हे मला बाहेर पडताना आठवलं.

२७ फेब्रुवारी

टोपी घरी आला. चहाला 'नको' म्हणाला, तेव्हाच ओळखलं की हा काहीतरी बोलायला आलाय.

"शास्त्रीबुवा, ते भाषण गेल्या वर्षीचं होतं. शब्द न् शब्द."

"म्हणजे वर्षापूर्वीचं अख्खं भाषण मला पाठ आहे. आणि तुम्ही म्हणता स्मरणशक्ती गेली!"

"कोण म्हणालं गेली? जुनं सगळं आहे हो. नवीन आत बसत नाहीये."

"तुला कुणी सांगितलं?"

त्याने टोपी पुढे ओढली. "वहिनींनी. गेल्या उन्हाळ्यात म्हणाल्या, भाऊजी, सभेत यांच्या शेजारी बसत जा. बसतोय. सांगायचं नव्हतं मला."

"आणि तुझे कान?"

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

तो गेल्यावर खाली मशीन चालू असल्याचा आवाज येत होता. ही वर आली तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. पहिलं पान दोनदा वाचलं, आणि आज, पहिल्यांदाच, ते दोनदा वाचतोय हे मला जाणवलं.

६ मार्च

खाली गेलो तर एक अनोळखी बाई हिच्या मशीनवर बसल्या होत्या. ही शेजारी उभी राहून शिकवत होती. "पायडल डावीकडून दाबा. जोरात दाबलंत तर रुसतं, धागा गोळा करतं. आणि बॉबिन भरताना पुरती भरू नका."

म्हटलं, "झालं? पुरी होणार ना एकदाची तुझी हौस?"

"कसली हौस?"

"परदेशी जायची."

हिने गळ्यातली टेप काढली, बोटांभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली. बाईंना म्हणाली, "जरा ते कापड बघता का, पलीकडच्या फळीवरचं?" त्या पलीकडे गेल्या.

"माझं काय आहे हो तिकडे? मी मापं कुणाची घेऊ? तिथे कपडे फाटले की टाकून देतात." आवाज एवढा हळू की मी पुढे वाकलो. "लेक म्हणते तिकडे या आजाराचे डॉक्टर आहेत. इथले म्हणाले, वयाने होतं."

"इथल्यांना दाखवलंस कधी?"

"चष्म्याचा नंबर काढायला म्हणून नेलं होतं तुम्हाला."

मला आठवलं. म्हणजे तेवढं आठवलं. "तो घड्याळाचं चित्र काढायला सांगणारा? तेव्हाच मला शंका आली होती. चांगलं काढलं होतं मी."

"हो," ही म्हणाली. "सगळे आकडे एका बाजूला आले होते."

मी म्हणालो, दुकान राहू दे. आपण नाही जात. ती म्हणाली, या बाईंना शब्द देऊन झालाय. एवढ्यात त्या बाई कापड घेऊन परत आल्या आणि ही त्यांना धाग्याचे नंबर समजावू लागली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. इतकी वर्षं मी तो आवाज ऐकून अनुमानं काढत आलो आहे. त्यातली बरोबर किती होती कुणास ठाऊक.

११ मार्च

खटला पुन्हा चालवायला हवा, वादी-प्रतिवादी बदलले आहेत.

न जाण्याचा पक्ष. इथे हिचं दुकान होतं, ते आता नाही. इथे माझं काम होतं. आज आयुष्मान म्हणाला, सभा आता दुसरे करतील, तुम्ही घरी बसून एक सदर लिहा, आठवड्यातून एकदा, जुन्या आठवणींचं. म्हणजे आठवणींचंच! तो क्रूर नाही, घाईत होता. वाक्य संपल्यावर त्याचंच त्याला कळलं आणि तो उगाच खिडकी उघडायला उठला. मी म्हणालो, मजकूर तपासून घेत जा. तो म्हणाला, हो, आता घेणारच आहोत. अलिखित नियम असा गेला, आणि जायलाच हवा होता.

जाण्याचा पक्ष. तिथे एक मोठी सोय आहे, ती मला आधी दिसली नव्हती. परक्या माणसाचा शब्द अडला की लोक थांबतात, हसून बघतात, सुचवतात. मला आठवत नाही की मुळात येतच नाही, हे तिथे कुणाला कळणार नाही. वार चुकला, रस्ता चुकला, नाव चुकलं, तर नवीन आहेत, रुळतील, असं म्हणतील. लपायला याहून चांगली जागा मला सापडणार नाही. पूर्वपक्ष इतका भक्कम कधीच नव्हता.

संध्याकाळी लेकीला हे ऐकवलं. आता ती वार विचारत नाही, सरळ बोलते.

"बाबा, डॉक्टरपासून लपलात तर जायचं कशाला? आणि मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. पुढेपुढे तिथलं काही बोलता येणार नाही तुम्हाला. फक्त आपली उरेल."

"उत्तम. म्हणजे नवे शब्द पाठ करायला नकोत."

ती हसली नाही. तिला हसवणं हे माझं लहानपणापासूनचं काम.

"बरं होतं का हे?"

"नाही, बाबा."

"मग तिकडचे डॉक्टर करतात काय?"

"जरा सावकाश होतं. सगळ्यांचं नाही होत."

म्हणजे हिने मशीन दिलं ते 'जरा सावकाश'साठी, आणि तेही झालं तर. मी म्हणालो, मग नाहीच येत. ती म्हणाली, "बाबा, इथे मी तरी आहे. तिथे आई एकटीच आहे." यावर खंडन सुचेना. शब्द आठवेना म्हणून नव्हे, खंडनच नाही.

१९ मार्च

सिद्धान्त लिहायचा राहिलाय. काल आम्ही होकार कळवला. मशीन आज सकाळी गेलं. दोन हमाल होते, ही त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेली, खड्डे कुठे आहेत ते दाखवत.

लिहायला बसलो ते एका गोष्टीसाठी, आणि ती उद्या मला आठवेल याची खात्री नाही म्हणून आजच लिहितो. सकाळी एक बाई चहा घेऊन आत आल्या. मी खुर्चीवरून थोडा उठलो आणि म्हणालो, "या, बसा. कुणाला भेटायचं होतं?"

तिने कप टेबलावर ठेवला. "तुम्हालाच," म्हणाली, आणि बसली. थोड्या वेळाने मला कळलं. मी थट्टा केली असं दाखवलं, तिने ती थट्टाच होती असं दाखवलं. चहा चांगला झालाय असंही मी म्हणालो. मग घोट घेतला तर तिने चहात साखर घातली नव्हती. ही इतक्या वर्षांत कधी साखर विसरलेली नाही.

तिथल्या थंडीचं मला काही वाटत नाही. परक्या भाषेचं नाही, आणि खरं सांगायचं तर विसरण्याचंही आता फारसं नाही, कारण विसरणाऱ्याला ते पुढे जाणवत नाही असं लेक म्हणते. पण लेक आणि जावई तिकडे सकाळी कामाला जातात ते संध्याकाळी येतात. नात शाळेत असते. दिवसभर त्या घरात ही आणि मी. आज जे झालं ते इथे झालं म्हणून ती खाली गेली, रस्त्यावर कुणाशी तरी चार शब्द बोलली, टोपीच्या बायकोकडे जाऊन बसली. परत आली तेव्हा डोळे धुतलेले होते. तिकडे असं होईल तेव्हा तिला उठून जायला दुसरं दार नाही. शेजारच्या कुणाला ती काय सांगेल, आणि कोणत्या भाषेत? माझ्याखातर ती सगळं सोडून येते आहे, आणि मी एक दिवस तिला त्या घरात अनोळखी माणसाबरोबर एकटी ठेवून जाणार आहे. मला या एकाच गोष्टीची भीती वाटते. तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, माहीत आहे.